आधी घरचा शब्द

दीड-दोन वर्षांच्या मुलाला वाचनालयात नेऊन करायचं तरी काय, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात. विचारताना चेहऱ्यावर थोडं हसूही असतं. ज्याला अजून स्वतःचं नाव धड सांगता येत नाही, जो हाती आलेलं पुस्तक आधी तोंडात घालतो, तो तिथं वाचणार काय आणि ऐकणार काय! प्रश्न रास्त आहे. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी अशाच मुलांना गोष्ट सांगतो आहे. त्या अनुभवावरून आज या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

मी सोलापूरचा. कविता लिहितो, मराठीत लिहितो. पन्नाशी ओलांडली आहे. आमच्या पेठेत एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. पुढच्या दालनात वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी, मागे पुस्तकांची कपाटं आणि त्याच्याही मागे बालविभागाची एक खोली. रविवारी साडेदहाला त्या खोलीत दोन सोलापुरी चादरी अंथरल्या जातात. दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो, त्यात चालताना चूं चूं वाजणारे इवलेसे बूटही असतात. दहा-बारा मुलं येतात. कुणी आईच्या कडेवर, कुणी आजोबांच्या बोटाला धरून, तर कुणी सरळ रडतच. अर्धा तास हा कार्यक्रम चालतो. आम्ही त्याला ‘मांडीवरची गोष्ट’ म्हणतो, कारण या वयाचं मूल गोष्ट ऐकतं ते कुणाच्या तरी मांडीवर बसूनच.

आता या मुलांच्या घरांत जरा डोकावून पाहा. सोलापुरात गिरण्या आणि माग आले, तसे तेलंगणातून पद्मशाली विणकर इथं आले. त्यांच्या घरात तेलुगू. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे कन्नड बोलणारी घरं पुष्कळ. आमच्यासारख्या मुसलमानांच्या घरी दक्खिनी. आणि मराठी तर आहेच. म्हणजे एका चादरीवर चार भाषा मांडी घालून बसतात. मला कुणी काका म्हणतं, कुणी चाचा. पिकलेली दाढी पाहून तेलुगू घरातली पोरं ताता म्हणतात आणि कन्नड घरातली अज्जा. दोन्हींचा अर्थ आजोबा. दोन्ही हाकांना मी ओ देतो.

या कार्यक्रमाला दर वेळी एक विषय असतो. पाऊस, चादर, टोपी, चप्पल, चांदोमामा, भाकरी असे आमचे विषय. यादी ऐकून काही पालकांचा विरस होतो. त्यांना वाटतं, मुलाला काहीतरी नवं कळावं. पेंग्विन, इग्लू, हिमगोल भागातली अस्वलं. तेही पुढे यथावकाश कळेलच. पण दोन वर्षांच्या मुलाचं जग त्याच्या घराएवढंच असतं, फार तर गल्लीच्या टोकापर्यंत. जी वस्तू त्याच्या हाताला, जिभेला, नाकाला ठाऊक आहे, तिचं नाव कुणी प्रेमानं घेतलं की ते मूल मान वर करून पाहतं. जत्रेच्या गर्दीत ओळखीचा माणूस भेटावा, तसा आनंद त्याच्या तोंडावर दिसतो. विषय ठेवायचा तो एवढ्यासाठी. अर्ध्या तासात एकच शब्द वीस-तीस वेळा यावा; हातातून यावा, गाण्यातून यावा, गोष्टीतून यावा आणि शेवटी चित्रातून यावा.

भाकरीचा रविवार कसा होतो ते सांगतो, म्हणजे पद्धत लक्षात येईल.

सुरुवात रोजचीच. एकेका मुलाचं नाव गाण्यात घालून त्याला नमस्कार करायचा. नाव त्याच्या घरी जसं उच्चारतात तसंच उच्चारायचं, हा माझा कटाक्ष असतो. तेलुगू नाव ओढूनताणून मराठी करायचं नाही. मूल उत्तर देत नाही, पण आपलं नाव ऐकून आईच्या पदरात तोंड लपवतं. हेही उत्तरच.

मग वस्तू. मधोमध परात ठेवतो, तीत मूठ-दोन मुठी ज्वारीचं पीठ. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा आमच्या जिल्ह्याला अभिमान, तेव्हा एक वाळलेलं कणीसही फिरवतो. सुटे दाणे मात्र कधीच हातात देत नाही. या वयाची मुलं दाणा नाकात घालतात, कानात घालतात, गिळतात. म्हणून दाणे झाकण घट्ट चिकटवलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत. ती बाटली खुळखुळ्यासारखी हातोहात फिरते. कडक भाकरी मी कानाशी धरून मोडतो. कट्ट असा आवाज होतो आणि बारा डोकी एकदम वळतात. पिठात हात घालायला सगळ्यांना मोकळीक असते. पाच मिनिटांत चादर, आया आणि मी, सगळे पांढरे होतो.

त्यानंतर गाणं. मी कवी असलो तरी इथं कवितेचा थाट चालत नाही. चार ओळी पुरतात:

थपथप थपथप भाकरी थापा,
तव्यावरती निघाल्या वाफा!
फुगली फुगली, टम्म फुगली,
पहिली भाकरी कोणाला दिली?

‘थपथप’ला टाळ्या, ‘टम्म’ला गाल फुगवायचे. शेवटच्या प्रश्नाला एकेका घरातलं नाव घ्यायचं. आजीला दिली, नानीला दिली, अव्वाला दिली, भावाला दिली. हे गाणं आठ-दहा वेळा होतं. मोठ्यांना तिसऱ्या वेळी कंटाळा येतो. मुलं मात्र त्या सुमाराला कुठं रंगात यायला लागतात.

आणि मग गोष्ट. ती अशी: आजीनं भाकरी केली. मांजर आलं, म्हणालं म्यांव, मला दे. आजीनं एक तुकडा मोडून दिला. चिमणी आली, कुत्रा आला, गाय आली. प्रत्येकाचा आवाज, प्रत्येकाला तुकडा. शेवटी एकच तुकडा उरला. हा कोणाला? बस्स, एवढीच गोष्ट. राक्षस नाही, तात्पर्य नाही. शेवटच्या प्रश्नावर कुणीतरी हमखास ‘मला’ म्हणतं. मग मी परातीकडे पाहत थांबतो. एखादी आई हळूच म्हणते, “आजी उपाशीच राहिली की रे.” तेवढ्यात एखादं पोर खरोखरीचा तुकडा उचलून शेजारच्या आजीच्या तोंडाशी धरतं. दर वेळी असं घडतंच असं नाही. घडलं तर गोष्ट पूर्ण झाली म्हणायचं, नाही घडलं तरी चालतं.

याच भाकरीच्या रविवारी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

एक मुलगी आजीबरोबर येत असे. वय सव्वादोन-अडीच. घरची भाषा तेलुगू. आजी विड्या वळते. आमच्या शहरात हजारो बायकांचा संसार विडीवर चालतो. चार रविवार ही मुलगी आली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. टाळी नाही, हसू नाही. आजी मला हळूच म्हणाली, “हिला कळत नाही का हो काही?” तिच्या आवाजात काळजी होती. पुढच्या वर्षी मुलीला बालवाडीत घालायचं होतं. तिथं ती अशीच बसली तर तिला ‘मंद’ म्हणतील, ही धास्ती.

भाकरीच्या दिवशी मी परातीवर थाप मारली आणि सगळ्यांना विचारलं, “हे काय करते आजी?” मराठी घरातली मुलं ‘भाक्की, भाक्की’ म्हणाली. त्या गलक्यात या मुलीनं अगदी हळू आवाजात एक शब्द उच्चारला, “रोट्टे.” तेलुगूत भाकरीला रोट्टे म्हणतात. तिच्या आजीनं पटकन तिला दुरुस्त केलं, “भाकरी म्हण, भाकरी.” मी म्हटलं, “आजी, थांबा. रोट्टेच बरोबर आहे.” आणि पुढच्या फेरीत गाणं म्हटलं ते ‘थपथप थपथप रोट्टे थापा’ असं. मग कन्नड घरातल्या एका आईनं आपणहून ‘रोट्टी’ची फेरी म्हटली. दक्खिनीतली ‘रोटी’ची फेरी माझी होती. शेवटी पुन्हा भाकरी. एका तव्यावर चार नावांची एकच भाकरी फुगली.

काही चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. पुढच्या रविवारी ती मुलगी पुन्हा आजीच्या मांडीत गप्पच होती. पण ‘थपथप’ सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या आधी तिचे हात हलले. आणखी दोन-तीन आठवड्यांनी तिनं एक पुस्तक उघडलं, ताटातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “भाकरी.” घरचा शब्द कुणी हिसकावून घेतला नाही म्हणून वाचनालयाचा शब्द तिनं जवळ केला, असं मला वाटतं. दोन्ही शब्द आता तिचे आहेत.

ही गोष्ट मला इतकी महत्त्वाची का वाटते, त्याला माझंही कारण आहे. आमच्या घरी अम्मी-अब्बा दक्खिनी बोलत. मी बालवाडीत गेलो तेव्हा मराठी शब्द कानावरून गेलेले होते, पण जिभेवर नव्हते. आमच्या बाई फळ्यावर चित्र काढायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, “तुझ्या घरी ह्याला काय म्हणतात?” उत्तर आलं की त्या तो शब्द स्वतः उच्चारून पाहत आणि मग म्हणत, “आणि आमच्या घरी असं म्हणतात.” शब्दांची ती देवाणघेवाण होती. देणारा मीही होतो, त्यामुळे घेताना कमीपणा वाटला नाही. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा अनेकांनी विचारलं, तुम्ही मराठीकडे कसे वळलात? मी कधी वळलोच नाही. माझ्या शब्दाला जागा देणारी भाषा मला पहिल्यांदा भेटली ती मराठी, इतकंच. असं प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही. ‘तुझा शब्द चुकीचा’ हे तिसऱ्या वर्षी ऐकलेलं मूल पुढे बराच काळ गप्प बसतं आणि आपण त्याला अबोल स्वभावाचं ठरवून मोकळे होतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडला जे काम केलं, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, त्याच्या परिसरातल्या वस्तू, त्याची गाणी, त्याची बोली घेऊन शिकवायला बसायचं. शिंपले, बिया, पानं हीच तिथली साधनं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपण सरकारी योजनेचं नाव म्हणून वापरतो. ती योजना 1975 साली सुरू झाली. पण अंगण हा त्या शब्दातला जीव आहे. वाचनालयाच्या खोलीत आम्ही चादर अंथरतो ती हे अंगण आत यावं म्हणून.

पालक मला आणखी एक विचारतात: दर वेळी नवी गोष्ट का नाही? आम्ही एक विषय दोन रविवार ठेवतो आणि गोष्ट तीच सांगतो. घरी मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावतात, हा सगळ्यांचा अनुभव. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या मुलांपैकी काहींना त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे तेच होते आणि तितक्याच वेळा आले. ज्यांनी तीच गोष्ट पुन्हा ऐकली, त्यांना ते शब्द जास्त चांगले आले. आपल्या आज्यांना हे विद्यापीठात न जाता ठाऊक होतं. रोज रात्री तीच गोष्ट, त्याच शब्दांत. एक शब्द बदलला की नातवंडं धरायची!

आणि खरं सांगायचं तर हा अर्धा तास मुलांइतकाच त्यांना घेऊन येणाऱ्यांसाठी असतो. मूल माझ्याकडे आठवड्यातून अर्धा तास, त्यांच्याकडे उरलेला सगळा वेळ. येणाऱ्या आज्यांपैकी काहींना लिहितावाचता येत नाही. त्या आधी दाराशीच बसायच्या, पुस्तकाला हात लावायला कचरायच्या. त्यांच्यासाठी आम्ही एक युक्ती केली. प्रत्येक घरातून भाकरी करतानाचा एक फोटो मागवला. तवा, परात, पीठ लागलेले हात. ते फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, भोकं पाडून दोऱ्यानं बांधले. झालं पुस्तक. त्यात एकही अक्षर नाही. आजी नातवाला मांडीवर घेऊन ते उघडते आणि आपल्या भाषेत सांगायला लागते: ही आपली अम्मा, हा आपला तवा. ती वाचतेच आहे की!

बाजारात मराठी पुस्तकं नाहीत असं नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचातली पुस्तकं आमच्याकडे सतत बाहेर असतात. आई, बाबा, आजी अशी घरातलीच माणसं त्यांत भेटतात, म्हणून मुलं चित्राशी बोलतात. मात्र इवल्या हातांना झेपतील, चावली तरी टिकतील अशी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं मराठीत आणखी पुष्कळ हवीत, आणि परवडतील अशा किमतीत हवीत. प्रकाशक मंडळींनी मनावर घ्यावं.

हे सगळं गोडीगुलाबीनं चाललं आहे असं मात्र समजू नका. वाचनालयाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. रविवारी निवांत वाचायला येणाऱ्यांना गोंगाटाचा त्रास होतो, वर्षभरात डझनभर पुस्तकं फाटली, आणि जी मुलं वाचत नाहीत त्यांच्यासाठी वाचनालयानं खर्च का करावा? कार्यक्रम बंद करावा, अशी त्यांची सूचना होती. मला त्यांचा राग आला नाही. चाळीस वर्षं ते तिथं नेमानं वाचत आले आहेत, ती शांतता त्यांनी जपली आहे. गोंगाटाचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही वेळ बदलून पाहिली, दाराला जाड पडदा लावला.

पण शेवटच्या मुद्द्यावर मी नम्रपणे असहमत होतो. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं कपाटात जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिलाच विचार. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हा दुसरा. वाचक कुठल्या वयापासून मोजायचा, याची अट त्यांनी घातलेली नाही. आपल्या राज्यात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यातही ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. दोन वर्षांचं मूल ‘सार्वजनिक’मध्ये येतं की नाही? आणि फाटलेल्या पुस्तकांबद्दल म्हणाल, तर आम्ही ती मुलांसमोर बसून चिकटपट्टीनं सांधतो. पुस्तक सांधायचं असतं, हेही त्यांना कळू दे.

तूर्त कार्यक्रमाला आणखी एका वर्षाची मुदत मिळाली आहे. पुढचं पुढे. तो बंद पडला तर त्या सभासदांचं काही बिघडणार नाही, माझंही नाही. ज्या घरात पुस्तक नाही आणि जिथली भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, त्या घरातल्या मुलाची पुस्तकाशी पहिली भेट मग थेट शाळेत होईल. तिथं वही असेल, पट्टी असेल, बरोबर-चूक असेल. पहिली भेट मांडीवर झालेली बरी.

महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयांची संख्या काही हजारांत आहे. तुमच्या गावातही एखादं असेल. तिथं एक खोली नाही तर एक कोपरा मागून घ्या. एक चादर, दहा पुस्तकं, आणि न लाजता मांजराचा आवाज काढू शकेल असा एक माणूस, एवढंच लागतं. विषयासाठी दूर जाऊ नका. ज्या आज्या येतील त्यांना विचारा, आज घरी काय केलंत? त्यांचं उत्तर हाच तुमचा विषय. आणि ते त्या ज्या भाषेत देतील, त्याच भाषेत आधी ऐकून घ्या.